कशाबद्दल

शेंदूरजनाघाटला बस स्टँडमागे
खताच्या दुकानावर माझं ऑफिस.
एक संगणक, कागद चावणारा एक प्रिंटर,
खालून येणारा युरियाचा वास
आणि जुलै लागला की जिन्यापर्यंत रांग.

ललिता बिजवे आली ती भर दुपारी.
पॅन कार्डावर अजून ललिता खेरडे.
"आडनावाचं मागून पाहू," म्हणाली, "आधी पैशाचं पाहा."
पिशवीतून कोर्टाचा हुकूमनामा काढला.
पिन निघाली होती,
तिथे बाभळीचा काटा टोचलेला.

अठरा लाख एकरकमी.
शिवाय दरमहा नऊ हजार.
अठरा लाख तिने बँकेत ठेवले, व्याज आलं,
त्यातून बँकेने बारा हजार सहाशे
कापून घेतले.
"न इचारता," ती म्हणाली, "नवऱ्यावानी."
मी हसलो.
ती हसली नाही.

मग मी सांगितलं, मला येतं तसं:
एकरकमी पोटगी सहसा उत्पन्नात धरत नाहीत,
ते झाडच तुमच्या हाती दिल्यासारखं.
महिन्याचे नऊ हजार म्हणजे फळ.
ते उत्पन्न, 'इतर स्रोत' या नावाखाली.
व्याजही त्यातच.
सगळं मिळूनही कर बसत नाही तुम्हाला,
कापलेले पैसे परत येतील.

"अन् पोटगी नसून वाटणी असती तं?"
"तरी तुम्हाला कर नसता."
"मंग वाटणी लिहा."

पंखा एक चक्कर थांबून फिरला.

मी म्हणालो, ताई, हुकूमनाम्यात पोटगी आहे.
वकिलांनी लिहिलं, दोघांनी वाचलं,
ही पाहा खाली तुमचीच सही.
"सही करताना वाटलं, एक शब्दच तं आहे.
घरी आली अन् भाकर थापता थापता समजलं.
पोटगी म्हंजे पोटाले.
मी का उपाशी आली होती का जी त्याच्या दारी?
नर्सरीवर बोर्ड त्याचा,
बिलबुकावर नाव त्याचं, सासऱ्याचा फोटो.
डोळे माह्ये.
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवाचा,
पट्टी अशी ओढाची का सुटली नाही पाह्यजे
अन् जीवही घुटला नाही पाह्यजे.
दिवसाचे सातशे.
एकोणवीस हिवाळे.
त्यानं चाकू धरला तो फक्त फोटोपुरता."

आणि डावा अंगठा टेबलावर ठेवला,
ठसा घ्यायला ठेवतात तसा.
त्याच्यावर बारीक पांढऱ्या रेघा,
एकीवर दुसरी,
कुठली कोणत्या सालची ते तिलाही सांगता आलं नसतं.

मी पडद्यावर कलमं चाळत होतो.
तिनेही कलमंच केली होती.
तिची कुठल्या कुठल्या बागेत फळाला आली असतील,
मृगाला, आंब्याला,
माझ्यातलं एकही तिच्या अंगठ्याला लागू होईना.

फॉर्ममध्ये रकाने पुष्कळ आहेत.
लॉटरीला आहे. घोड्यांच्या शर्यतीला आहे.

भरून झालं.
तिने हुकूमनाम्याची झेरॉक्स मागितली,
माझ्याच खिशातला पेन घेतला,
पहिल्या पानापासून एकेक 'पोटगी' शोधून
त्यावर आडवी रेघ मारत,
वर 'वाटणी' लिहीत गेली,
चौथीतल्या वळणदार अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळत.
अकरा ठिकाणी.
मग काटा मूळ प्रतीतून उपसून
झेरॉक्सला टोचला.

"याचा काही उपयोग नाही, ताई."
"मले माहीत आहे ना जी.
अस्सल कोर्टापाशी राहो, तुमच्यापाशी राहो.
हे कपाटात ठेवाले."

फी दीडशे, झेरॉक्सचे बावीस.
सुटे मोजून दिले आणि पावती मागितली.
माझ्याकडे कोणी पावती मागत नाही.
पुस्तक शोधलं, धूळ झटकली,
नाव लिहिलं: ललिता बिजवे. तारीख. रक्कम.
त्याखाली छापलेलं होतं 'कशाबद्दल',
पुढे ठिपक्यांची ओळ.
ती मी आजवर कधी भरली नव्हती,
आताही तशीच फाडायला गेलो.

तिने पावतीवर तोच अंगठा दाबून धरला.
"लिहा," म्हणाली.
"कशाबद्दल ते लिहाच लागते."